कॅनन ट्रिस्ट्रम आणि पवित्र शास्त्रातील पाखरे

यिर्मयाच्या आठव्या अध्यायातील सातवे वचन आपल्या परिचयाचे असेल. पाखरांना आपल्या येण्याची वेळ कळते, पण देवाच्या प्रजेला त्याचा न्याय कळत नाही, हा संदेष्ट्याचा खेद त्यात आहे. तेथे आलेल्या एका पाखराचे इब्री नाव ‘सीस’ असे आहे. ते कोणते पाखरू, हे भाषांतरकारांना दीर्घकाळ निश्चित सांगता येत नव्हते; कोणी त्याला क्रौंच म्हटले, कोणी भिंगरी. ज्याने ह्या नावावर प्रकाश पाडला, त्याला तो कोशात सापडला नाही. परक्या मुलुखात, आकाशाकडे दृष्टी लावून हिंडताना सापडला. त्या मनुष्याची ओळख आपणास करून द्यावयाची आहे.

हेन्री बेकर ट्रिस्ट्रम ह्यांचा जन्म ११ मे १८२२ रोजी इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थम्बरलँड परगण्यात एका पाळकाच्या घरी झाला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण पुरे करून १८४६ साली त्यांनी पाळकीय दीक्षा घेतली. परंतु फुप्फुसांच्या दुखण्याने लवकरच त्यांना गाठले. उबदार हवेसाठी त्यांना प्रथम बर्म्युडा बेटावर व पुढे अल्जीरियात राहावे लागले. दुखणेकरी म्हणून गेलेला हा पाळक सहारा वाळवंटात उंटांच्या तांड्याबरोबर पाखरे पाहत हिंडू लागला. तेथील चंडोलांचे रंग तेथील वाळूशी व मातीशी कसे जुळतात, हे पाहून १८५९ साली त्यांनी एक निबंध लिहिला आणि डार्विन व वॉलेस ह्यांच्या नैसर्गिक निवडीच्या विचाराला त्यात पाठिंबा दिला. डार्विनचा प्रसिद्ध ग्रंथ त्यानंतर बाहेर पडला! परंतु १८६० साली ऑक्सफर्ड येथे ह्या विषयावर जो वाद झाला, त्यानंतर ट्रिस्ट्रम ह्यांनी आपले मत बदलले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपासून त्यांनी इतक्या लवकर मागे फिरावयास नको होते, असे मला वाटते.

त्यांचे मोठे कार्य पवित्र भूमीत झाले. १८५८ साली ते प्रथम तेथे गेले. यरुशलेम व मृत समुद्र ह्यांच्या दरम्यान, किद्रोन ओहोळाच्या कड्याला बिलगून मार साबाचा प्राचीन मठ आहे. तेथे साळुंकीच्या कुळातले, काळ्या तकतकीत अंगाचे आणि पंखांवर नारिंगी पट्टा असलेले एक पाखरू त्यांना मिळाले. त्याच वर्षी त्याला ट्रिस्ट्रम ह्यांचेच नाव देण्यात आले. पुढे १८६३ च्या अखेरीस ते बैरूत बंदरी उतरले आणि तंबू व खेचरे घेऊन कित्येक महिने त्यांनी तो देश पालथा घातला. बंदूक त्यांच्याबरोबर असे. पाखरू मारून त्याचे कातडे जपून ठेवणे, हीच त्या काळची अभ्यासाची रीत होती. १८९६ साली त्यांनी लिव्हरपूलच्या संग्रहालयाला असा सुमारे वीस हजारांचा संग्रह विकला. आज आपल्याला ते वाचून बरे वाटत नाही.

परंतु बंदुकीइतकाच त्यांचा कानही तयार होता. पाकोळीला तेथील अरब लोक बोलीत ‘सीस’च म्हणतात, हे त्यांना आढळले. शिवाय असे दिसले की, भिंगऱ्यांपैकी काही हिवाळ्यातही त्या देशात राहतात. पाकोळी मात्र आज एकही दिसत नाही आणि उद्या साऱ्या देशभर होऊन जाते. वेळ कळणारे पाखरू म्हणून संदेष्ट्याने तिचेच नाव घ्यावे, हे किती स्वाभाविक! तसेच दावीद स्वतःला डोंगरात पाठलाग होत असलेल्या तित्तिराची उपमा देतो (१ शमुवेल २६:२०). तित्तिराला पळवून पळवून दमवावयाचे व मग काठीने टिपावयाचे, ही शिकारीची रीत ट्रिस्ट्रम ह्यांनी नोंदविली आणि त्या उपमेतील धाप आपल्याला ऐकू येऊ लागली.

आता एक अवघड गोष्ट सांगतो. ‘नेशेर’ ह्या इब्री शब्दाचे भाषांतर बहुतेक ठिकाणी ‘गरुड’ असे होते. गालील सरोवराजवळच्या कड्यांवर गिधाडांच्या मोठ्या वसाहती पाहून ट्रिस्ट्रम ह्यांनी प्रतिपादन केले की, नेशेर म्हणजे गिधाडच. मीखा १:१६ मध्ये नेशेराच्या टकलाचा उल्लेख आहे आणि गरुडाला तर टक्कल नसते. हे मान्य केले, तर निर्गम १९:४ मध्ये परमेश्वर आपल्या लोकांना ज्याच्या पंखांवर वाहून आणतो, तेही गिधाडच ठरते! मराठी कानाला गिधाड म्हणजे मढ्यावर टपलेला पक्षी. उलट गरुड म्हटले की विष्णूचे वाहन आठवते. दोन्ही शब्दांत धोका आहे. भाषांतराच्या बैठकीत ह्या एका शब्दावर आमचे तासन्‌तास गेले आहेत. मीखात गिधाड व निर्गमात गरुड, हा मार्ग मला सोयीचा वाटतो, समाधानाचा वाटत नाही. त्यातून आपल्या देशात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक ह्या औषधामुळे गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. ज्या तरुण वाचकाने गिधाड उंच आकाशात, पंख न हलविता तरंगताना पाहिलेच नाही, त्याला त्या वचनातील भव्यता कोणत्या शब्दाने दाखवावी?

ट्रिस्ट्रम ह्यांचा पवित्र शास्त्रातील निसर्गावरील ग्रंथ १८६७ साली निघाला. १८७९ साली यरुशलेमच्या बिशपपदाची विनंती आली असता त्यांनी ती नाकारली व ते दरहम येथील कॅननच राहिले. मिशनकार्यावर मात्र त्यांचे अखेरपर्यंत प्रेम होते. त्यांची कन्या कॅथरीन जपानात ओसाका येथे मिशनरी होती. १८९१ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते तिला भेटावयास गेले आणि तेथेही पाखरे पाहत हिंडले. ८ मार्च १९०६ रोजी दरहम येथे त्यांचे देहावसान झाले.

आपणांपैकी कोणी पवित्र भूमीच्या यात्रेस गेलात, तर मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्यावर थोडे थांबा. काळी तकतकीत पाखरे शीळ घालीत यात्रेकरूंच्या पायांशी भाकरीचे तुकडे टिपावयास येतात. त्यांच्या पंखांवरचा नारिंगी पट्टा ती उडाल्यावरच नीट दिसतो.