रूझवेल्ट यांना नेमका पोलिओच झाला होता का?

ऑगस्ट 1921. कॅनडातल्या कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीला गेलेले 39 वर्षांचे फ्रँकलिन रूझवेल्ट तापाने फणफणले. काही दिवसांत दोन्ही पाय लुळे पडले. डॉ. रॉबर्ट लोवेट यांनी निदान केलं, पोलिओ.

पण त्रास पायांपुरता नव्हता. लघवी अडली होती, ती नळी घालून काढावी लागत होती. पत्नी एलेनॉर हे काम करायच्या.

असं का झालं? हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, मूत्राशय, आतडी यांचा कारभार नसांचं एक जाळं आपल्या नकळत सांभाळतं. 2025 मध्ये पुण्यात ज्याची साथ आली, त्या गुलियन बॅरी सिंड्रोममध्ये (जीबीएस) रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. त्यात हे जाळंही बिघडू शकतं. म्हणूनच अशा रुग्णांच्या ठोक्यांवर आणि रक्तदाबावर सतत लक्ष ठेवतात.

2003 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी रूझवेल्ट यांची लक्षणं पुन्हा तपासली आणि जीबीएसची शक्यता जास्त असल्याचं मांडलं. काही तज्ज्ञांना मात्र तो पोलिओच वाटतो, कारण पोलिओतही लघवी अडू शकते. वाद अजून मिटलेला नाही.

रूझवेल्ट पुढे चार वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. 1938 मध्ये त्यांनी पोलिओविरोधात संस्था उभी केली. तिच्याच पैशांतून साल्क यांची लस तयार झाली.

12 एप्रिल 1945 ला रूझवेल्ट गेले. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, लस यशस्वी ठरल्याची घोषणा झाली. निदान चुकलं असेलही, पण त्यातून जगाला पोलिओची लस मिळाली.