डॉ. रखमाबाई : वैद्यकसेवेची पस्तीस वर्षे

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग निवर्तले. काही वर्षांनी आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर व वनस्पतिशास्त्राचे व्यासंगी होते, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत असत. अशा घरात वाढल्याने रखमाबाईंना ज्ञानाची गोडी लागली. तरीही रूढी चुकली नाही. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहानंतर त्या माहेरीच राहिल्या आणि मिळेल ते पुस्तक वाचून शिकत राहिल्या.

पुढे पत्नीने नांदावयास यावे म्हणून दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, परंतु अपिलात तो फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी त्यांना पतीगृही जाण्याचा अथवा तुरुंगवास भोगण्याचा हुकूम दिला. अजाण वयात झालेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, या भूमिकेवर ठाम राहून रखमाबाईंनी तुरुंगवासाची तयारी दर्शविली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुण्यात निधन होऊन तेव्हा जेमतेम सहा दिवस लोटले होते. वैद्यकीची पदवी घेऊन आलेली एक मराठी स्त्री व्यवसायास आरंभ करण्यापूर्वीच गेली होती. जिने पुढे तो व्यवसाय पस्तीस वर्षे करावयाचा होता, ती तुरुंगाच्या दाराशी उभी होती. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली व तुरुंगवास टळला.

मुक्त झालेल्या रखमाबाईंनी वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग धरला. या कामी कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांचा मोठा आधार लाभला. स्वतः पीचीबाईंना एडिंबरो विद्यापीठाने स्त्री म्हणून पदवी नाकारली होती, एम.डी.साठी त्यांना स्वित्झर्लंडमधील बर्न गाठावे लागले होते. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि स्त्रियांसाठी १८७४ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. व्याख्याने विद्यालयात आणि खाटेशेजारचे शिक्षण रॉयल फ्री रुग्णालयात, अशी तेथील विद्यार्थिनींची व्यवस्था होती. अभ्यास एका ठिकाणी, रुग्णानुभव दुसरीकडे आणि परीक्षा तिसऱ्याच गावी, हा त्या काळच्या अनेक स्त्री-डॉक्टरांचा क्रम रखमाबाईंच्याही वाट्याला आला. स्कॉटलंडची वैद्यकीय अर्हता मिळवून त्यांनी १८९४ मध्ये ब्रुसेल्सची एम.डी. पदवी घेतली.

मायदेशी परतल्यावर मुंबईत अल्पकाळ काम करून १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. स्त्रीरुग्णांच्या सेवेसाठी किती प्रकारचे हात लागतात, याची जाण त्या सुमारास देशात रुजू लागली होती. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडाने स्त्री-डॉक्टर, रुग्णालय-साहाय्यक, परिचारिका व सुईणी या सर्वांच्या शिक्षणाचा उद्देश पुढे ठेवला होता. निदान व शस्त्रक्रिया डॉक्टरने करावी, रुग्णाची अहोरात्र देखभाल परिचारिकेने करावी, शिकलेल्या सुईणीने प्रसूती स्वच्छतेने पार पाडावी आणि अडलेली बाई वेळीच रुग्णालयात पाठवावी, अशी ही साखळी होती. तिची एखादी कडी निखळली, तर मोठ्यात मोठी पदवीही आईचा जीव वाचवू शकत नसे.

परंतु या साखळीचा उपयोग होण्यासाठी बायकांनी मुळात रुग्णालयात यावयास हवे होते. पडद्याची चाल आणि रुग्णालयाची धास्ती यांमुळे त्या येत नसत. रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिची सुखरूप सुटका करून दाखविली, अशी आठवण सांगतात. चिकाटीने त्यांनी विश्वास संपादन केला आणि सुमारे बावीस वर्षे सुरतेची सेवा केली. त्यानंतर स्त्री-वैद्यकीय सेवेतील मानाचे पद चालून आले असताना ते नाकारून त्यांनी राजकोटच्या जनाना रुग्णालयाची जबाबदारी पत्करली. निवृत्तीपर्यंत त्या तेथेच राहिल्या. निवृत्तीच्या सुमारास पडदापद्धती बंद व्हावी म्हणून त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षांचे आयुष्य पूर्ण करून, त्यांनी मुंबईत देह ठेवला.

ज्या न्यायालयाने त्यांची संमती जमेस धरली नाही, त्याच शहरातून निघालेल्या या मराठी कन्येने परभाषिक प्रांतात आपली कर्मभूमी वसविली. स्वतःच्या संमतीसाठी झगडलेल्या रखमाबाईंनी रुग्णांवर कधी सक्ती लादली नाही. त्या आपणहून येईपर्यंत वाट पाहिली. आजच्या डॉक्टर, परिचारिका अथवा औषधनिर्माता होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिक्षणाच्या वाटा सहज खुल्या आहेत. रुग्णाचा विश्वास मात्र त्यांनाही रखमाबाईंप्रमाणेच वर्षानुवर्षांच्या सेवेने मिळवावा लागेल.