कोणी नाही म्हणायच्या आधीच त्यांनी झाडाखाली जागा मागितली : परचुरेशास्त्रींची गोष्ट

महात्मा गांधी एका आजारी माणसाची शुश्रूषा करतायत, असा एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुमच्या टाइमलाइनवर कधी ना कधी आला असेल. खाली कॅप्शन असतं, कुष्ठरोग्याची सेवा करताना बापू. त्या माणसाचं नाव मात्र क्वचितच लिहिलेलं असतं.

ते होते दत्तात्रय परचुरेशास्त्री. संस्कृतचे पंडित, कवी आणि सविनय कायदेभंगात तुरुंगात गेलेले सत्याग्रही.

1932 साली ते पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. गांधीजीही तेव्हा तिथेच. पण शास्त्रींना कुष्ठरोग झालेला, म्हणून त्यांना इतर कैद्यांपासून वेगळं ठेवलेलं. गांधीजींनी भेटीची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मग एकाच तुरुंगातले दोघं एकमेकांना पत्रं लिहू लागले.

पुढे आजार बळावला. 1939 मध्ये शास्त्री वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात पोहोचले, पण आत गेले नाहीत. बाहेरच थांबले. सांगतात की त्यांनी मागणं केलं ते एवढंच, रात्र झाडाखाली काढू द्या, सकाळी निघून जाईन.

आता गंमत बघा. तोवर त्यांना आश्रमातून कोणी हाकललं नव्हतं. उलट आत बसलेला माणूस त्यांना ओळखणारा, पत्रं लिहिणारा. तरीही शास्त्रींनी नकार आधीच गृहीत धरला आणि आपली मागणी त्या हिशोबाने कापून घेतली.

संशोधक याला अपेक्षित कलंक म्हणतात. प्रत्यक्ष अपमान झाला तर तो मोजता येतो, पण होईल या धास्तीने माणूस जे टाळतो, ते कसं मोजायचं? 2013 मध्ये व्हॅलेरी अर्नशॉ आणि सहकाऱ्यांनी दीर्घ आजार असलेल्यांसाठी 12 विधानांची एक मोजपट्टी मांडली. घरचे आणि मित्र, कामावरचे लोक, डॉक्टर-नर्स हे तिघं आपल्याशी कसे वागतील असं वाटतं, ते 1 ते 5 अंकांत सांगायचं. कुष्ठरोगाबाबत असं काम त्याआधीच झालं होतं. एमिक नावाची प्रश्नावली 1992 साली प्रसिद्ध झाली ती मुंबईतल्या रुग्णांवरच्या अभ्यासातून.

हे सगळं जुन्या काळातलं वाटत असेल, तर विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, बुलढाण्याकडे बघा. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. टक्कल पडण्याइतकीच चिंता होती ती लोक काय म्हणतील, पोरांच्या सोयरिकी कशा जुळतील याची. तो कुष्ठरोग नव्हता, पण धास्ती ओळखीची होती.

कुष्ठरोगात तर ही धास्ती थेट हातापायावर येते. अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तरी लोक तो आशाताईंपासून लपवतात. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, सहा महिने ते वर्षभरात आजार बरा होतो. उशीर केला तर नसांचं झालेलं नुकसान भरून येत नाही. शास्त्रींच्या वेळी हे औषध नव्हतं, आज आहे, आणि तरीही लपवणं चालूच आहे. त्यात लोकांचीच चूक काढणंही बरोबर नाही, कारण कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण आपल्या कायद्यात थेट 2019 पर्यंत होतं.

तर सेवाग्राममध्ये पुढे काय झालं? गांधीजींनाही निर्णय सोपा गेला नाही. आश्रमात इतर लोक होते, त्यांना लागण झाली तर काय, हा प्रश्न होता. त्यांनी आश्रमवासीयांना विचारलं, आणि शास्त्रींना ठेवून घ्यायचं ठरलं. गांधीजींच्या कुटीजवळच त्यांच्यासाठी झोपडी बांधली गेली. रोज जखमा धुणं, मालिश करणं हे काम गांधीजी स्वतः करायचे. तो फोटो याच दिवसांतला.

पण फोटोत न आलेली गोष्ट जास्त मोठी आहे. आश्रमात लग्न निघालं की पौरोहित्याला परचुरेशास्त्रींना बसवलं जायचं. जखमा धुणं ही दया झाली. ज्याच्याजवळून लोक उठून जायचे त्यालाच लग्नात मंत्र म्हणायला बसवणं म्हणजे त्याची विद्या त्याला परत देणं.

काही काळ प्रकृती सुधारली, मग पुन्हा ढासळली. तेव्हा शास्त्री दत्तपूरला गेले. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली वर्ध्याजवळ सुरू केलेलं ते कुष्ठधाम. 1945 मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

सेवाग्रामला गेलात तर त्यांची झोपडी आजही बघायला मिळते. परचुरे कुटी म्हणतात तिला.