आबा आणि चिमूटभर तंबाखू

आर. आर. पाटील हे नाव पूर्ण घेणारे लोक सांगलीत कमीच. सगळ्यांचे ते आबाच. तासगाव तालुक्यातलं अंजनी हे त्यांचं गाव. जन्म १६ ऑगस्ट १९५७ चा. तेव्हा हा सगळा भाग दक्षिण सातारा जिल्हा म्हणून ओळखला जायचा, सांगली जिल्हा हे नाव १९६० मध्ये आलं. त्यामुळे होस्टेलमधल्या सातारकर मंडळींनीही आबांवर थोडा हक्क सांगायला हरकत नाही!

घरची परिस्थिती बेताची. शिकता शिकता रोजगार हमीच्या कामावर जायचं, मजुरी करायची, आणि त्यावर पुढचं शिक्षण काढायचं. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये कमवा आणि शिका करत ते पदवीपर्यंत पोचले, मग वकिलीही शिकले. आपण मेसच्या जेवणाला नावं ठेवतो तेव्हा हे आठवावं, असं आमचे एक सर नेहमी सांगतात. (आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.) १९७९ मध्ये आबा जिल्हा परिषदेवर निवडून गेले आणि १९९० मध्ये तासगावातून आमदार झाले. त्यानंतर एकही विधानसभा निवडणूक ते हरले नाहीत. मागे साखर कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही, मोठं घराणं नाही. आपल्या भागात असं राजकारण करून दाखवणं म्हणजे काय, हे इथल्यांना वेगळं सांगायला नको.

१९९९ मध्ये ते ग्रामविकास मंत्री झाले. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान हे त्यांचं सगळ्यात मोठं काम, असं माझं मत आहे. त्यातली आयडिया साधी होती. सरकारने झाडायला पैसे द्यायचे नाहीत. गावाने स्वतः झाडायचं, गटारं काढायची, संडास बांधायचे आणि मग स्पर्धेत बक्षीस मिळवायचं. माणसं फावडी घेऊन खरंच रस्त्यावर उतरली. शेकडो वर्षांची सवय बदलता येते, हे या अभियानाने दाखवलं. पुढे गृहमंत्री असताना २००७ मध्ये त्यांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली, म्हणजे कोर्टात वर्षानुवर्षं चालणारी भांडणं गावातच मिटवायची. २००५ ची डान्सबार बंदीही त्यांचीच. ती २००६ मध्ये हायकोर्टात टिकली नाही, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टातही नाही. बारमधल्या हजारो बायकांचा रोजगार गेला, त्यांच्या पोटाचा विचार आधी व्हायला हवा होता असं मला वाटतं. पण बंदीमागे आबांचा प्रामाणिकपणा होता, यावर त्यांचे विरोधकही शंका घेत नव्हते. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ते एक वाक्य बोलून गेले आणि पद गेलं. वर्षभराने परत गृहमंत्री झाले आणि गडचिरोलीचं पालकमंत्रिपदही सांभाळलं.

तर दुसऱ्यांच्या सवयी बदलायला निघालेल्या या माणसाला स्वतःला एक सवय होती. तंबाखूची.

सिगारेट नाही, आपल्याकडची साधी मळलेली तंबाखू. साताऱ्यापासून जतपर्यंत कुठल्याही पारावर बसा, कुणीतरी चुन्याची डबी काढतंच. तळहातावर तंबाखू, त्यावर नखभर चुना, अंगठ्याने मळायचं, वर दोन थापा मारायच्या आणि चिमूट दाढेत. यातला चुना चवीपुरता नसतो. चुन्याने पीएच वाढतो आणि तंबाखूतलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जातं. आपल्या आजोबांनी केमिस्ट्री न शिकता लावलेला हा शोध! पण त्याच जागी, त्याच गालात, कॅन्सर करणारी द्रव्यंही तासन्‌तास चिकटून राहतात.

गंमत बघा. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद झालं, दंड २०० रुपयांपर्यंत. तेव्हा महाराष्ट्राच्या पोलिसांचे मंत्री आबा. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, तेव्हाही गृहमंत्री आबाच. दोन्ही नियमांत त्यांची चिमूट बसत नव्हती. धूर नाही म्हणून पहिल्यातून सुटली, गुटखा नाही म्हणून दुसऱ्यातून. धोका त्यांना माहीत नव्हता असंही नाही. त्यांचे नेते शरद पवार यांच्यावर २००४ मध्येच तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली होती. डोळ्यासमोर एवढं उदाहरण असूनही सवय सुटली नाही. ऑक्टोबर २०१४ ची निवडणूक ते जिंकले आणि काही महिन्यांतच हॉस्पिटलमध्ये भरती झाले. १६ फेब्रुवारी २०१५ ला मुंबईत लीलावती हॉस्पिटलमध्ये तोंडाच्या कॅन्सरने ते गेले. वय फक्त ५७. दुसऱ्या दिवशी अंजनीत माणसांचा समुद्र लोटला होता.

सरकारचा नेहमीचा उपाय म्हणजे कर वाढवा, महाग करा. १९७० च्या बजेटमध्ये इंदिरा गांधींनी सिगारेटवरचा कर वाढवला, तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक अर्थमंत्र्याने तेच केलं. सिगारेटवर कर लावणं सोपं. मोजके कारखाने, हजार कांड्यांमागे लांबीप्रमाणे दर. बिडी आणि तंबाखूची पुडी मात्र ठिकठिकाणी, लहान लहान जागी तयार होते, तिथे कोण मोजणार? त्यात बिडीला गरिबांची म्हणून सवलत. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर २८ टक्के आणि वर सेस, बिडीवर नुसते २८. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कौन्सिलने सिगारेट-गुटख्याला ४० टक्के ठरवले आणि बिडीला उलट १८ वर आणलं. तंबाखूच्या पुडीवरही कर असतो, पण ती मुळात एवढी स्वस्त की वाढला तरी खिशाला कळत नाही.

आता महाराष्ट्राचा आकडा बघा. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ लोक धूम्रपान करणारे निघाले आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे बजेटच्या दिवशी टीव्हीवर ज्या सिगारेटची चर्चा चालते, ती ओढणारे आपल्याकडे मूठभरच. बाकीचे सगळे आबांच्या रांगेतले. त्यांत मिसरी लावणाऱ्या आपल्या आज्याही आल्या.

पुडी दहापट महाग झाली असती तर आबांनी सोडली असती का? मला नाही वाटत. मंत्र्याला परवडलीच असती, आणि इतक्या वर्षांची सवय बिलाकडे बघून सुटत नाही. पण महिन्याचे पैसे घरून येतात त्या पोराला दहा रुपयांचा फरक कळतो. कर खरा लागू पडतो तो सुरुवात करणाऱ्यावर. म्हणून तर टपरीवाला सुटी सिगारेट देतो, कारण अख्खं पाकीट घ्यायची आपली ऐपत नसते हे त्याला पक्कं ठाऊक. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी विकायला बंदी आहे. कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा कायदा तर २००३ चा. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. सिव्हिलवाल्यांनी एकदा टेप घेऊन गेटबाहेर मोजून बघायला हरकत नाही.

प्लेसमेंट झालेले आमचे एक सीनियर परवा टर्म इन्शुरन्सचा फॉर्म भरत होते. त्यात विचारलं होतं, तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेता का? ओढणारा आणि खाणारा, दोघांनाही सारखाच जादा हप्ता.