समजून घ्या : लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभारणारे गाडगेबाबा स्वतः फुटक्या गाडग्यात का जेवत?

अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि जेवायला मातीचे फुटके गाडगे. संत गाडगेबाबांचे हे चित्र सर्वांना माहीत आहे. पण पैसा कुठे खर्च करावा आणि कुठे करू नये, याचा त्यांचा हिशेब किती पक्का होता, हे फारसे सांगितले जात नाही.

उधळपट्टीचा राग आला कुठून?

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनात गेले. आईसोबत ते दापुरे येथे आजोळी आले. तिथे राबून शेती पिकवली, पण मामांची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली. दारू, कर्ज आणि सणसमारंभांचा खर्च गरिबाचे घर कसे बुडवतो, हे त्यांनी घरातच पाहिले.

पहिला बदल कुठे केला?

स्वतःच्या घरात. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूचे जेवण देण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडून गोडाचे जेवण दिले. भाऊबंद नाराज झाले, तरी ते बधले नाहीत. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले.

कीर्तनात काय सांगत?

गावात आल्यावर ते आधी रस्ते झाडत, रात्री कीर्तन करत. नवसाला बकरे कापू नका, कर्ज काढून लग्न करू नका, दारू सोडा, असे ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारत पटवून देत. प्रसंगी जेवणाचे ताट मोडा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण मुलांना शाळेत घाला, हा त्यांचा आग्रह होता. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र आणि गरीब मुलाला शिक्षण, हाच त्यांच्या लेखी खरा धर्म होता.

देणग्यांचे काय केले?

लोक त्यांना भरभरून देत. त्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर घाट बांधला गेला. गोरक्षण संस्था, अन्नछत्रे, वसतिगृहे सुरू झाली. व्यवहार विश्वस्तांकडे सोपवला आणि त्यावर स्वतःच्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. यात घरच्यांच्या वाट्यालाही त्याग आला, हे विसरून चालणार नाही.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. जिथे यात्रेकरूंची सोय होती, तिथे विद्यार्थ्यांची सोय व्हावी, हा हेतू होता.

आज हे का महत्त्वाचे?

सावकाराच्या वहीच्या जागी आता मोबाइलवर मिळणारे कर्ज आणि ईएमआय आले आहेत. लग्नातला थाट मात्र कमी झालेला नाही. गाडगेबाबांनी लोकांना उपाशी राहायला सांगितले नव्हते. चार लोकांना दाखवण्यासाठी होणारा खर्च वाचवा, त्यातून आधी मुलांना शिकवा आणि मग गरजूला द्या, एवढा साधा क्रम त्यांनी लावून दिला होता.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या परिसरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर संपत्ती नव्हती. त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांत गरीब यात्रेकरूंना मात्र हक्काचे छप्पर मिळाले.