फिरकीचा पहिला थोर मानकरी : पालवणकर बाळू

आपल्या भागात क्रिकेटचे वेड किती आहे हे मी वेगळे सांगायला नको. शेतीची कामे उरकली की शिरूर-दौंडच्या गावागावांत टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात, मंडप पडतो, बक्षिसांचे फलक झळकतात, आणि तोंडाने समालोचन करणाऱ्यांना तर ऊत येतो. या मंडळींना गावसकरांपासून तेंडुलकरांपर्यंत सर्वांचे आकडे तोंडपाठ असतात. परंतु पालवणकर बाळू कोण, असे विचारले तर बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. दौंडहून गाडीत बसून आपण सहज ज्या पुण्यास जातो, त्याच पुण्यात हा माणूस घडला, आणि तोही एका क्लबाच्या मैदानावर रोलर ओढता ओढता. म्हणून यंदाच्या अंकासाठी मी हाच विषय घेतला.

पुण्यात क्रिकेट आले ते लष्कराबरोबर. आपली घोडनदी एके काळी छावणीचे गाव होती, पूना हॉर्ससारखे घोडदळ येथे राहिलेले आहे, तेव्हा छावणी म्हणजे काय हे शिरूरकरांना ठाऊक आहे. साहेब जेथे तळ ठोकी तेथे तो आपला खेळही घेऊन जाई. पुण्याच्या कँपात आणि खडकीला साहेबांचे क्रिकेट व टेनिस जोरात चाले. बाळूंचे घराणे मूळचे रत्नागिरीकडील पालवणचे, जातीने चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. पुढे पुण्यात या भावंडांनी लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर खेळ शिकून घेतला. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही पुढे नावाजलेले खेळाडू झाले.

शाळा लवकरच सुटली. बाळूंना पहिली नोकरी लागली ती पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडण्याची आणि रोलर फिरवण्याची. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. खेळपट्टी तयार करणे, जाळी लावणे आणि गरज पडेल तेव्हा टेनिसच्या कोर्टावर रेघा आखणे, ही त्यांची कामे. फावल्या वेळात ते तेथील सभासदांना चेंडू टाकत. त्या सभासदांत जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज होता. जॉन ग्लेनी हे त्याचे नाव भरभर उच्चारले की जंगली असे ऐकू येई, म्हणून त्याला सगळे जंगली ग्रेग म्हणत. (हा जंगली पुढे चक्क पाद्री झाला!) ग्रेग रोज इतरांच्या आधी मैदानावर येई आणि तासभर बाळूंकडून गोलंदाजी करून घेई. आपल्याला बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देण्याचे त्याने कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे.

बाळूंची गोलंदाजी डावखुरी, संथ आणि अचूक. चेंडूची उंची, वेग आणि वळण ते हवे तसे बदलत. पूना क्लबात त्यांनी असे किती तास गोलंदाजी केली असेल याची मोजदाद नाही. पण बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम, घाम गाळणे हे नोकराचे! मला या गोष्टीचा राग येतो; परंतु या सक्तीच्या तालमीतूनच असा गोलंदाज तयार झाला, हेही नाकारता येत नाही.

त्या सुमारास पुण्याच्या हिंदूंचाही एक क्लब होता आणि त्याला गोऱ्यांना हरवायचे होते. गोऱ्यांच्याच जाळ्यांत तयार झालेला गोलंदाज हाताशी होता, पण तो अस्पृश्य! त्याला घ्यावे की न घ्यावे यावर खल झाला. क्लबातील तेलुगू मंडळी घ्यावे म्हणत होती, ब्राह्मण सभासद कचरत होते. शेवटी जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले. मैदानात एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे आत जात आणि बाळूंना बाहेर मातीच्या कपात चहा मिळे. जेवणाचे पान वेगळे, बसण्याची जागा वेगळी. तोंड धुवायचे झाले तर पाणी घालायला अस्पृश्य गडीच लागे. त्यांच्या गोलंदाजीने पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांना नमवले, साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यालाही हरवले, तेव्हा कोठे मने थोडी पालटली. न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूंना हार घातला, असे सांगतात. चेंडू विटाळत नाही आणि कप तेवढा विटाळतो, या तर्कशास्त्राचा उलगडा आमच्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनीच करावा!

१८९६-९७ च्या प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस गेले. तेथे काही काळ पलटणीत आणि मग बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली. दौंडसारख्या रेल्वेच्या गावातील वाचकांना रेल्वे आणि खेळाडू यांचे नाते नवे नाही. ते किती जुने आहे हे यावरून कळेल. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही त्यांना घेण्यास काहींचा विरोध होता, तो मोडून त्यांना घेतले गेले. १९०६ च्या फेब्रुवारीत बॉम्बे जिमखान्यावर हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. म्हणजे हिंदू १०९ धावांनी जिंकले. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता आणि शिवरामही त्यांच्या जोडीला संघात होता. वंगभंगाचे दिवस ते! राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर झाला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ जमातवार निवडलेला : सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि कर्णधार शीख महाराज. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाचा तो उन्हाळा. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे अधिक होते आणि लवकरच त्यांनी संघाची साथ सोडली. त्या वर्षी इंग्लंडात उन्हाने कहर केला होता, खेळपट्ट्या कडक, फलंदाजांना सोयीच्या. बाळूंचे वय पस्तीसच्या आसपास आणि खांदा दुखरा. तरीही सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाचे त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. लीस्टर शहरी तेथील काउंटीविरुद्ध त्यांनी सामन्यात ११ बळी मिळवले आणि संघ जिंकला. एरवी तो दौरा पराभवांचाच होता. रोलर ओढणाऱ्या पोराने साहेबाच्या घरी जाऊन साहेबाला नाचवले, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगी मानपत्राचे काम एका कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाकडे होते. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. त्या पिढीला बाळूंचा केवढा अभिमान वाटत होता हे यावरून ध्यानी येईल.

इतके करूनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. चौरंगी सामने सुरू झाल्यावर वर्षानुवर्षे संघातील सर्वांत थोर खेळाडू तेच होते, पण नेतृत्व दुसऱ्याकडे. कर्णधार एम. डी. पै यांनी स्वतःच उघडपणे सांगितले होते, की हा मान बाळूंचा होता. १९२० साली तर बाळूंना संघातून वगळले आणि पै आजारी पडताच विठ्ठल व शिवराम यांना डावलून दुसऱ्याच खेळाडूस कर्णधार केले. दोघे भाऊ निषेध म्हणून बाहेर पडले. गदारोळ झाला, तडजोड झाली, आणि अंतिम सामन्यासाठी भाऊ परत आले. बाळूंना उपकर्णधार नेमले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते बाळूंनी संघ चालवला. त्यांना मिळाले ते एवढेच. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला आणि चौरंगी सामन्यांत त्याने संघाला जिंकूनही दिले. विठ्ठलने पुढे माझे क्रीडाजीवन हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. बाळूंनी असे काही लिहून ठेवले असते तर!

त्यांच्या उत्तरायुष्याविषयी लिहिताना मी थोडा अडखळतो. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि त्या वेळी बाबासाहेबांशी झालेल्या वाटाघाटींत ते गांधीजींच्या बाजूला झुकलेले होते. १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. आज अनेकांना ही उमेदवारी खटकते. मलाही खटकते. परंतु ज्याने बाहेर बसून चहा पिण्यापासून आत बसण्यापर्यंतची वाट एकेका बळीने कापली, त्याला ते आतले घर सोडावेसे न वाटणे मी समजू शकतो. बाबासाहेबांना त्या घराचा पायाच अमान्य होता. दोघांचे अनुभव निराळे आणि निष्कर्षही निराळे. काँग्रेसने त्यांच्या कीर्तीचा उपयोग करून घेतला, हेही मला स्पष्ट दिसते.

स्कोअरबुकात त्यांचे नाव पी. बाळू असेच आढळते. आडनाव एका अक्षरात दडलेले. ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. यांतील पहिला सामना १९०५-०६ च्या हंगामातला, म्हणजे त्यांची तिशी आली तेव्हाचा. पूना क्लबाच्या जाळ्यांत टाकलेले चेंडू यात धरलेले नाहीत. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.