मार्गारिताबाई : संत जॉन बॉस्को यांच्या मातोश्री

धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या चाळताना आम्हांस पुष्कळदा असे वाटते की, बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू एवढ्या तीन नोंदींत एका शेतकरी स्त्रीचे आयुष्य संपते. मधली वर्षे कोणी लिहून ठेवीत नाही. इटलीतील पिएमोंते प्रांतातील मार्गारिताबाई ओक्येना ह्यांचेही तसेच व्हावयाचे. परंतु त्यांचे पुत्र संत जॉन बॉस्को ह्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, म्हणून त्या आपणांस ठाऊक झाल्या. बाईंना स्वतःला लिहितावाचता येत नव्हते.

ता. १ एप्रिल १७८८ रोजी काप्रील्यो ह्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. १८१२ साली फ्रान्चेस्को बॉस्को ह्या विधुर शेतकऱ्याशी त्यांचा विवाह झाला. त्याला पहिल्या पत्नीपासून झालेला अंतोनियो हा मुलगा होता. पुढे जोसेफ व जॉन झाले. मे १८१७ मध्ये घामाघूम झालेला फ्रान्चेस्को थंडगार तळघरात उतरला, त्यास फुप्फुसदाह झाला व थोड्याच दिवसांत तो वारला. बाई तेव्हा २९ वर्षांच्या. पदरी तीन मुले, घरी पांगळी सासू, आणि त्यातच दुष्काळ. पैसे देऊनही धान्य मिळेना, तेव्हा गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली, आणि गोठ्यातले वासरू मारून घर जगविले. पुनर्विवाहाचे चांगले स्थळ आले. पण मुले परक्याच्या हवाली करावी लागणार म्हणून त्यांनी ते नाकारले.

जॉनने शिकावे हे अंतोनियोस खपेना. घरात रोज कलह. अशा वेळी बाईंनी सावत्र मुलास दूर केले नाही. पोटच्या जॉनलाच, बारा वर्षांच्या सुमारास, दुसऱ्याच्या शेतावर चाकरीस धाडले. सावत्र आईच्या कहाण्या सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जॉन १८४१ साली धर्मगुरू झाले. ता. ३ नोव्हेंबर १८४६ रोजी, मोठ्या दुखण्यातून उठलेल्या पुत्राबरोबर ५८ वर्षांच्या बाई तुरीन शहरापर्यंत पायी गेल्या. वाल्दोक्को येथील अनाथ मुलांसाठी त्यांनी चूल सांभाळली, फाटके कपडे शिवले, लग्नातील वस्त्रांची मिस्सावस्त्रे केली. मुले त्यांना मामा म्हणत. त्या भाषेत मामा म्हणजे आई! मे १८४७ मध्ये पावसात भिजलेला एक पोरका मुलगा दाराशी आला. स्वयंपाकघरात त्याला अंथरूण घालून बाईंनी निजण्यापूर्वी चार हिताचे शब्द सांगितले. सालेशियन संस्थांत रात्रीच्या प्रार्थनेनंतर उपदेशाचे दोन शब्द सांगतात, त्या प्रथेचा उगम येथे सांगितला जातो.

एकदा मात्र त्यांचा धीर सुटला. मुलांनी लुटुपुटूच्या लढाईत त्यांचा भाजीचा मळा तुडविला. धुतलेले कपडे चिखलात, भांडी खेळात, हे नित्याचेच होते. गावी परत जाते म्हणून त्या पुत्राकडे आल्या. त्यांनी उत्तर न देता भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखविले. बाई वळल्या व कामास लागल्या.

१८५४ च्या पटकीच्या साथीत रोग्यांसाठी कापड पुरेना, तेव्हा त्यांनी वेदीवरील वस्त्रसुद्धा देऊन टाकले. ता. २५ नोव्हेंबर १८५६ रोजी, पतीप्रमाणेच फुप्फुसदाहाने, त्यांना देवाज्ञा झाली. २००६ साली पवित्र ख्रिस्तसभेने त्यांना वंदनीय ठरविले. त्यांचा देह सामाईक कबरीत पुरला होता. तो पुढे कोणालाही सापडला नाही.